पट्टा कोणाचा आवळायचा?

अंदाजपत्रक कडक असले की मंत्र्यांच्या तोंडी हटकून येणारा एक इंग्रजी वाक्प्रचार आहे : ‘टायटन द बेल्ट’, म्हणजे कमरेचा पट्टा आवळणे. आज त्याचा अर्थ ‘काटकसर करणे’ एवढाच उरला आहे. परंतु त्याचा शब्दशः अर्थ भुकेशी निगडित आहे. पुरेसे अन्न मिळाले नाही की पोट खपाटीला जाते, विजार सैल होते आणि पट्टा एक भोक पुढे सरकवावा लागतो. ही कोणी स्वेच्छेने स्वीकारलेली शिस्त नव्हे, अर्धपोटी राहिल्याची ती खूण आहे.

याचे मराठी भाषांतर कोणी ‘कंबर कसणे’ असे केले, तर अर्थाचा अनर्थ होईल. आपल्याकडे माणूस कंबर कसतो तो कामाला लागण्यासाठी. पट्टा आवळण्याला खरे मराठी ‘पोटाला चिमटा घेणे’ हेच. भाषांतराचा हा तपशील किरकोळ वाटेल. पण मंदीत सरकारने काय करावे, या जुन्या वादाचे दोन्ही पक्ष या दोन वाक्प्रचारांत सामावले आहेत.

१९३१ सालचे ब्रिटन पाहा. पंचवीस लाखांहून अधिक कामगार बेकार होते आणि पौंड संकटात होता. बेकारभत्त्यात दहा टक्के कपात करावी की नाही, या प्रश्नावर ऑगस्टमध्ये मजूर पक्षाचे मंत्रिमंडळ फुटले. पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्ड यांनी स्वपक्षाची साथ सोडून हुजूर व उदारमतवादी पक्षांबरोबर ‘राष्ट्रीय’ सरकार बनविले आणि कपात अमलात आणली. प्रौढ बेकार पुरुषाचा आठवड्याचा भत्ता १७ शिलिंगांवरून १५ शिलिंग ३ पेन्सवर आला. नौदलातील काही खलाशांच्या पगाराचा तर चौथा हिस्सा कापला जाणार होता. हे कळताच सप्टेंबरात स्कॉटलंडमधील इन्व्हरगॉर्डन येथे त्यांनी जहाजे हलविण्यास नकार दिला. सरकार नमले व त्यांची कपात दहा टक्क्यांवर आली. गंमत अशी की, ज्या सुवर्णपरिमाणाच्या रक्षणासाठी हा सारा खटाटोप चालला होता, ते २१ सप्टेंबर रोजी सोडूनच द्यावे लागले. बेकारांना मात्र कापलेला भत्ता परत मिळण्यास १९३४ साल उजाडावे लागले.

कुटुंब अडचणीत आले तर खर्च कमी करते, मग देशाने का करू नये, हा युक्तिवाद सामान्य माणसाला चटकन पटतो. आणि म्हणूनच तो धोक्याचा आहे. एका घराने खर्च आटोपला तर त्या घराची शिल्लक वाढते. सगळ्यांनी, आणि त्यांच्याबरोबर सरकारनेही, एकाच वेळी खर्च आटोपला तर कोणाचीच शिल्लक वाढत नाही, कारण एकाचा खर्च हेच दुसऱ्याचे उत्पन्न असते. शिक्षकाचा पगार कापला की वाण्याची विक्री घटते, वाण्याची मागणी घटली की गिरणीतील पाळी बंद पडते आणि सरकारचा करही बुडतो. सरकारी हात आखडण्याची वेळ तेजीची, मंदीची नव्हे, हे केन्सने १९३७ सालीच बजावले होते.

तरीही २०१० साली ब्रिटनमध्ये तोच प्रयोग पुन्हा झाला. अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांची घोषणा होती की, या संकटात आपण सारे एकत्र आहोत. या ‘आपण’चे व्याकरण तपासण्यासारखे आहे. जानेवारी २०११ पासून मूल्यवर्धित कर साडेसतरा टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर गेला. तो गरिबालाही भरावा लागतो. एप्रिल २०१३ मध्ये, सार्वजनिक घरात एक खोली जादा आहे म्हणून भाडेकरूच्या साहाय्यातून पात्र भाड्याच्या १४ टक्के रक्कम कापली जाऊ लागली. त्याच महिन्यात वर्षाला दीड लाख पौंडांवरील उत्पन्नाचा कर ५० टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर उतरविण्यात आला. एकाच देशात, एकाच महिन्यात, एकाचा पट्टा आवळला आणि दुसऱ्याचा सैल केला! ट्रसेल ट्रस्ट या संस्थेने २०१०-११ मध्ये तीन दिवसांच्या अन्नाची सुमारे ६१ हजार पाकिटे वाटली होती. २०१४-१५ मध्ये ती दहा लाखांवर गेली आणि २०२३-२४ मध्ये एकतीस लाखांवर. लाक्षणिक अर्थ पुन्हा शब्दशः खरा झाला. तूट मात्र ठरल्याप्रमाणे २०१५ पर्यंत भरून निघाली नाही.

कंबर कसण्याचा मार्ग आपल्याच राज्याने एकदा चोखाळला होता. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने पट्टे आवळण्याचा उपदेश केला नाही. लाखो हातांना बांधबंदिस्ती, पाझर तलाव आणि रस्त्यांची कामे दिली. वि. स. पागे यांनी आग्रहाने पुढे आणलेली रोजगार हमी योजना त्यातूनच विस्तारली. मजुरी तुटपुंजी होती, हजेरीपटात घोळ होते, हे कार्यकर्त्यांना सांगावयास नको. त्यांनी त्यासाठी मोर्चे काढले आहेत. पण पैसा कोठून आणला, हे विसरता कामा नये. १९७५ साली व्यवसाय कर बसविला गेला, म्हणजे शहरातल्या पगारदारांनी आणि व्यावसायिकांनी ग्रामीण मजुराच्या कामासाठी पैसे मोजले आणि राज्याने तेवढीच भर घातली. त्या करात प्राध्यापकही होते. आमच्यापैकी अनेकांनी तेव्हा कुरकुर केली. पोटाला चिमटा मात्र कोणाच्याही बसला नाही.