महामार्ग कोणाचा?

पालघर जिल्ह्यांतून एवढा मोठा महामार्ग जातो, तरी तेथील लोक कुरकुरतात कां, असा प्रश्न मुंबईच्या एका सुशिक्षित गृहस्थांनीं परवां आम्हांस विचारला. प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तर देणें प्राप्त आहे. त्यांच्या वाक्यांतील 'जातो' हा शब्दच तें उत्तर होय. महामार्ग येथून जातो. येथें येत नाहीं.

मुंबई-अहमदाबाद रस्ता, पूर्वींचा राष्ट्रीय महामार्ग ८ व २०१० च्या नव्या क्रमवारीनंतरचा ४८, वसईची खाडी ओलांडून मनोर, चारोटी, तलासरी या वाटेनें गुजराथेंत शिरतो. जिल्ह्याचें ठाणें पालघर आणि कारखान्यांचें बोईसर हीं दोन्ही पश्चिमेस रेल्वेच्या कांठीं राहिलीं. रेल्वेनें निदान जागोजाग थांबून गांवें वाढविलीं. महामार्गावरून मात्र मनोरहून पालघरला किंवा चिल्हार फाट्यावरून बोईसरला वीसएक किलोमीटर आडवें यावें लागतें. आणि त्याच आडव्या रस्त्यावर रसायनांचे टँकर, एस. टी., शाळेचीं मुलें व डोक्यावर भारे घेतलेल्या वारली बाया यांनीं एकमेकांस वाट करून द्यावयाची असते. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यापासून वेगळा जिल्हा झाला, तो लोकांस कचेऱ्या जवळ याव्यात म्हणून. मोखाड्याच्या माणसास त्या कचेरींत यावयाचें तर डोंगर उतरून आडव्या वाटेनेंच यावें लागतें. या वाटेस राष्ट्रीय महामार्ग १६०-अ असें नांव दिलें आहे खरें. परंतु क्रमांक देणें म्हणजे रस्ता देणें नव्हे.

४ सप्टेंबर २०२२ रोजीं चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपति सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यु झाला, तेव्हां सारा देश या रस्त्याकडे पाहूं लागला. जखमींस उपचारासाठीं वापीस, म्हणजे परराज्यांत, न्यावें लागलें. चर्चा मात्र रंगली ती मागच्या आसनावरील पट्ट्याची! पट्टा बांधावाच, पण रस्ता पायीं ओलांडणाऱ्या वारली माणसानें कोणता पट्टा बांधावा?

या रस्त्यामुळें ढाबे निघाले, पेट्रोलपंप निघाले, चार लोक पोटास लागले, असें कोणी म्हणेल. तें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ज्याच्या जमिनीवरून रस्ता गेला त्यास त्या रस्त्याकांठच्या ढाब्यावर भांडीं घासावयास मिळालीं, एवढ्यानें हिशेब पुरा होतो काय? राष्ट्रहितासाठीं त्याग करावा, हा उपदेशही या भागास नवा नाहीं. १९६९ सालीं देशांतील पहिलें अणुवीजकेंद्र तारापूरला सुरू झालें. पुढें तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठीं अक्करपट्टी व पोफरण या गांवांनीं आपली भूमि सोडली. त्यागाची सवय झाली म्हणजे त्याग गोड लागतो, असें मात्र नव्हे.

आतां पाळी वाढवणची. जून २०२४ मध्यें केंद्रीय मंत्रिमंडळानें ७६,२२० कोटींच्या या बंदरास मंजुरी दिली व ३० ऑगस्टला पालघर येथें त्याची पायाभरणी झाली. बंदर हवें कीं नको, हा वाद स्वतंत्र आहे आणि तेथील मच्छीमार तो वर्षानुवर्षें लढवीत आहेत. आम्हांस चमत्कार वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. बंदरापासून तव्यापर्यंत, थेट महामार्गास मिळणारा, सुमारे ३२ किलोमीटरचा नवा रस्ता आंखला गेला आहे. म्हणजे समुद्रापासून पूर्वेकडे रुंद, सरळ रस्ता होऊं शकतो तर! जव्हारच्या रोग्यासाठीं जो सुचला नाहीं, तो लोखंडी पेट्यांसाठीं सुचला.

अनुसूचित क्षेत्रांत जमीन घेण्यापूर्वीं ग्रामसभेशीं विचारविनिमय करावा, असें १९९६ चा पेसा कायदा सांगतो. विचारविनिमय म्हणजे अंगठे जमविणें नव्हे. या नव्या रस्त्याखालून गुराढोरांनीं व मुलांनीं कोठून जावयाचें, जोडरस्ते कोणत्या पाड्यापर्यंत पोंचणार, आणि चिल्हार-बोईसर रस्त्यावरील टँकरांचा भार त्यामुळें किती हलका होणार, तें नकाशावर मराठींत लिहून प्रत्येक ग्रामसभेंत लावावें. आमच्या मुंबईच्या स्नेह्यांनींही तो नकाशा एकदां येऊन पाहावा. मात्र येतांना मनोरला वळावें.