गुण सारखे असतील तर?

गुणवत्ता यादी लावताना आपल्यापैकी अनेक जण नोंदी आधी नावाने सॉर्ट करतात आणि मग त्याच अ‍ॅरेवर गुणांचा सॉर्ट चालवतात. गुण सारखे असतील त्यांची नावे अकारविल्हेच राहतील, हे त्यात गृहीत असते. सॉर्ट ‘स्टेबल’ असेल, म्हणजे समान ठरलेल्या नोंदींचा आधीचा क्रम तो मोडत नसेल, तरच हे गृहीतक टिकते.

सीमधील क्यूसॉर्ट ही हमी देत नाही. सी++मध्ये स्टेबल सॉर्ट वेगळा मागून घ्यावा लागतो. क्रोममधले व्ही8 इंजिन पूर्वी 10 घटकांपर्यंतच्या अ‍ॅरेला इन्सर्शन सॉर्ट लावी आणि त्याहून मोठ्या अ‍ॅरेला क्विकसॉर्ट. पहिला स्टेबल, दुसरा नाही. त्यामुळे 10 नोंदींच्या चाचणीत बिनचूक दिसलेली यादी अकरावी नोंद येताच विस्कटू शके. 2018 मध्ये व्ही8ने टिमसॉर्ट स्वीकारला आणि एक्मास्क्रिप्ट 2019 या मानकाने स्टेबल सॉर्ट बंधनकारक केला. टिम पीटर्स यांनी 2002 मध्ये पायथनसाठी लिहिलेला हा अल्गोरिदम जावा 7पासून ऑब्जेक्टच्या अ‍ॅरेलाही वापरला जातो.

पण स्टेबल सॉर्ट आधीचा क्रम फक्त राखतो. तो योग्य होता का, हे पाहत नाही. ‘ऑर्डर बाय’ न लावता डेटाबेसमधून आलेल्या ओळींच्या क्रमाची तर काहीच शाश्वती नसते. शिष्यवृत्तीची शेवटची जागा समान गुणांच्या दोन मुलींपैकी कोणाला द्यायची, याचा नियम संस्थेने ठरवायचा असतो. तो कोडमध्ये न लिहिता लायब्ररीवर सोपवणे हा त्या मुलींवर अन्याय आहे.

म्हणून कम्पेरेटर शेवटपर्यंत लिहावा: आधी गुण, मग संस्थेचा नियम, सरतेशेवटी कधीच सारखा नसणारा अर्ज क्रमांक. जावात ‘देनकम्पेअरिंग’ची साखळी आणि पायथनमध्ये टपलची की यासाठीच आहे. वजाबाकी करून तुलना करण्याची सवय सोडावी. 32 बिटांच्या पूर्णांकात 200 कोटींतून उणे 200 कोटी वजा केले, तर ओव्हरफ्लो होऊन उत्तर ऋण येते. मराठी नावांना मराठी लोकेलचा कोलेटर लावावा. नुसत्या युनिकोड क्रमाने ‘ळ’ हा ‘ह’नंतर न येता ‘ल’ला लागून येतो.

चाचणीच्या डेटात समान गुणांच्या भरपूर नोंदी मुद्दाम घाला. सहकाऱ्याचा कोड तपासताना ‘हे दोघे सारखे निघाले तर?’ असे विचारा, आणि त्याचे उत्तर कोडमध्ये दिसल्याशिवाय मंजुरी देऊ नका.