नवी आवृत्ति व जुन्याचें मोल

एखाद्या नामांकित जुन्या वस्तूची नवी आवृत्ति बाजारांत आली म्हणजे मूळ वस्तूचें मोल उतरतें, असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेंतील ‘मसल कार’ जातीच्या मोटारींचा इतिहास पाहिला असतां हा समज अर्धाच खरा ठरतो, असें आमचें मत आहे.

मसल कार म्हणजे साध्या घडणीच्या गाडींत मोठें, जोरकस एंजिन बसवून तरुणांस झेपेल अशा किमतीस विकलेली मोटार. १९६४ सालीं पाँटियाक जी.टी.ओ. निघाली व ह्या जातीची चलती सुरू झाली. मागोमाग कॅमॅरो, चॅलेंजर इत्यादि आल्या. पुढें विम्याचे चढते दर, धुरासंबंधींचे कायदे व १९७३ ची तेलटंचाई ह्यांमुळें ती चलती थांबली. तीस-पस्तीस वर्षांनीं जुन्या घाटाची आठवण देणाऱ्या नव्या गाड्या निघाल्या: २००५ ची मस्टँग, २००८ ची चॅलेंजर व २०१० ची कॅमॅरो.

ह्या नव्या गाड्या ब्रेकांच्या भरंवशानें व प्रवाशांच्या सुरक्षिततेनें जुन्यांहून सरस आहेत. तेव्हां ज्यास केवळ वेग व ऐट हवी, तो जुनी गाडी कशास घेईल? जिचें मूळ एंजिन गेलें आहे व जिच्यापाशीं डौलावांचून दुसरें कांहीं उरलें नाहीं, अशा जुन्या गाडीचें गिऱ्हाईक नवी गाडी पळविते. एवढ्यापुरता तो समज खरा आहे.

परंतु दुसरीही बाजू पाहावी. १९६८ च्या ‘बुलिट’ चित्रपटांतील हिरव्या मस्टँगच्या स्मरणार्थ फोर्ड कंपनीनें २००१, २००८ व २०१९ ह्या वर्षांच्या विशेष गाड्या काढिल्या. जानेवारी २०१८ मध्यें डेट्रॉइटच्या प्रदर्शनांत ह्यांतील तिसरी गाडी मांडिली, तेव्हां अनेक वर्षें दृष्टिआड असलेली मूळ गाडीही तेथेंच लोकांपुढें आली. दोन वर्षांनीं झिजल्या रंगाच्या त्या मूळ गाडीस लिलावांत ३४ लक्ष डॉलरांची बोली लागली. प्रत्येक जुन्या गाडीस असें भाग्य लाभत नाहीं. तथापि नव्या आवृत्तीनें मूळ गाडीचें तेज झांकलें नाहीं, हें उघड आहे.

खरी हानि निराळ्याच ठिकाणीं होते. १९६९ सालीं झेड.एल.१ जातीच्या कॅमॅरो अवघ्या ६९ झाल्या. साध्या कॅमॅरोवर तशीं चिन्हें चढवून ती दुर्मिळ म्हणून विकणें म्हणजे तोतया उभा करणें होय. अशा तोतयांमुळें जाणतें गिऱ्हाईक गाडीवरील व एंजिनावरील क्रमांक जुळवून पाहतें, कागदपत्रांवांचून पैसा सोडीत नाहीं. आणि अस्सल गाडीच्या प्रामाणिक धन्यासही संशयाचा जाच सोसावा लागतो. नवी आवृत्ति मात्र आपलें साल व आपला क्रमांक उघड मिरविते. ती कोणास फसवीत नाहीं.

म्हणून विद्यार्थ्यांनीं नव्यास नवें म्हणून दोष देऊं नये, व जुन्यास केवळ जुनें म्हणून पूजूं नये. मोल डौलांत होतें कीं खरेपणांत होतें, हें नवी आवृत्ति शेजारीं उभी राहिल्यावर कळून येतें. आणि पालकांनीं कोणतीही जुनी वस्तु घेतांना किंमत विचारण्यापूर्वीं पुरावा मागावा.