स्कूबा डायव्हिंगच्या कागदावर सही करण्यापूर्वी

दिवाळीच्या सुट्टीत मालवण, तारकर्ली, देवबागच्या किनाऱ्यावर एक दृश्य हमखास दिसते. पुण्या-कोल्हापूरहून रात्रभर गाडी चालवून आलेले कुटुंब सकाळी बोटीपाशी उभे असते. पाठीवर सिलिंडर चढवण्यापूर्वी प्रत्येकाच्या हाती एक छापील कागद येतो. दमा, रक्तदाब, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया, सगळ्यांपुढे 'नाही'ची खूण होते आणि खाली सही. मिनिटभराचे काम. तासाभराने पन्नाशीचे गृहस्थ, ज्यांनी गेल्या दहा वर्षांत बसमागेसुद्धा धाव घेतलेली नाही, समुद्राच्या तळाशी माशांबरोबर फोटो काढून घेत असतात.

बहुतेक जण सुखरूप वर येतात, हे आधी सांगायला हवे. पर्यटकांना दिली जाणारी ही बुडी उथळ पाण्यातली आणि थोड्या वेळाची असते, प्रशिक्षक हात सोडत नाही. परंतु याच कारणाने तब्येतीचा प्रश्न कुणी गांभीर्याने घेत नाही. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. त्यानंतर लाइफ जॅकेट, बोटींचे परवाने, प्रवासीसंख्या यांवर चर्चा झाली. ती आवश्यकच होती. पाण्यात उतरणाऱ्याचे हृदय आणि फुप्फुसे कशी आहेत, हा विषय मात्र बाजूलाच राहिला.

डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९२ ते २००३ या काळातील हौशी पाणबुड्यांच्या ९४७ मृत्यूंचा अभ्यास केला होता. त्यात साधारण चौथा हिस्सा घटनांमध्ये मूळ आघात हृदयाचा होता, आणि अशा घटना चाळिशीपुढच्या व आधीच हृदयविकार असलेल्या व्यक्तींमध्ये जास्त होत्या. सर्वसामान्यांना ज्याची भीती वाटते तो रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा विकार मृत्यूचे कारण म्हणून अगदी थोड्या ठिकाणी आढळला. शार्कची तर गोष्टच सोडा.

हृदयावर ताण का येतो? माणूस गळ्यापर्यंत पाण्यात उतरला की पाण्याच्या दाबाने हातापायांतले रक्त छातीकडे ढकलले जाते, सुमारे अर्धा ते पाऊण लिटर. हृदयाला एकाएकी जास्त रक्त पंप करावे लागते. थंड पाण्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. भीतीने नाडी वाढलेलीच असते. त्यात लाटांविरुद्ध पाय मारावे लागले, की जिना चढताना ज्याला दम लागतो त्याची परीक्षाच होते. काही जणांत, विशेषतः उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत, अशा वेळी फुप्फुसांत पाणी झिरपते. खोकला सुरू होतो, श्वास पुरत नाही, गुलाबी फेस येतो. नाकातोंडात समुद्राचे पाणी गेले असावे, असे समजून सोबतचे लोक पाठीवर थाप मारत राहतात.

फुप्फुसांचा धोका वेगळा. दहा मीटर खोलीवर दाब जमिनीच्या दुप्पट असतो आणि तिथे घेतलेला श्वास वर येताना दुप्पट जागा मागतो. श्वास चालू असेल तर जादा हवा आपोआप बाहेर पडते. घाबरून श्वास रोखून धरला आणि वर झेप घेतली, तर फुप्फुस फाटून हवा रक्तात शिरू शकते व मेंदूपर्यंत पोहोचू शकते. भरल्या छातीने श्वास रोखला असेल तर सव्वा मीटर वर येणेही यासाठी पुरेसे ठरू शकते. म्हणून 'फार खोल जात नाही, काही होत नाही' या आश्वासनाला अर्थ नाही. दम्याची प्रवृत्ती ज्यांना व्यायामाने किंवा गारठ्याने उफाळते, त्यांनी छातीची तपासणी करून घेतल्याशिवाय पाण्यात उतरू नये. 'पोहता येत नसले तरी चालेल' ही जाहिरात तांत्रिकदृष्ट्या खोटी नाही. पण पाण्याची सवय नसलेला माणूस मुखवट्यात चार थेंब शिरताच गडबडतो, आणि श्वास रोखला जातो तो तेव्हाच.

त्या छापील कागदाकडे पुन्हा वळू. जगभर वापरली जाणारी प्रश्नावली २०२० मध्ये सुधारली गेली. तिच्यात दहाच प्रश्न आहेत. वय ४५ च्या पुढे आणि सोबत धूम्रपान, रक्तदाब किंवा वाढलेले कोलेस्टेरॉल असेल तर डॉक्टरांची लेखी संमती हवी. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी रोज चालू असेल तरी हवी. सोळाशे मीटर अंतर १४ मिनिटांत चालणे किंवा न थांबता २०० मीटर पोहणे जड जात असेल, तरी हवी. हे चालणे घराजवळच्या मैदानावर घड्याळ लावून कुणालाही आठवडाभर आधी करून पाहता येते. बुकिंगचे पैसे भरल्यावर, बायकामुलांसमोर, किनाऱ्यावर उभे राहून 'मला बीपीची गोळी चालू आहे' असे सांगणे कठीण असते. व्यावसायिकांनी हा कागद बुकिंगच्या वेळीच मोबाइलवर पाठवला, तर निम्मी अडचण दूर होईल. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्याने ग्रेट बॅरियर रीफवरील पर्यटकांच्या मृत्यूंनंतर नियम कडक केले आणि पर्यटक बोटींवर हृदयाला विजेचा झटका देणारे उपकरण ठेवणे आवश्यक केले. आपल्याकडेही हे उपकरण विमानतळांवर दिसू लागले आहे, बोटींवर ते अवघड का असावे?

सर्वाधिक त्रास होतो तो कानाला. सर्दी असेल तर कानातला दाब समान होत नाही आणि पडदा दुखावतो. नाक मोकळे करणारी गोळी घेऊन उतरणे हा उपाय नव्हे. तिचा असर पाण्याखालीच ओसरला तर वर येताना हवा कानात अडकते.

एका दिवसात अनेकदा बुडी मारणाऱ्या प्रशिक्षित हौशींनी त्यानंतर किमान १८ तास विमानात बसू नये. एकदाच बुडी मारली असेल तर १२ तास पुरतात. आंबोलीचा घाट चढून घरी परतणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवलेले बरे, कारण ती उंची सुमारे सातशे मीटर आहे.

पाण्याबाहेर आल्यावर धाप, छातीत दुखणे, हातापायात मुंग्या किंवा अशक्तपणा, बोलण्यात अडखळणे यातले काहीही जाणवले, तर रुग्णाला आडवे झोपवावे. धापेमुळे झोपवत नसेल तर टेकवून बसवावे. ऑक्सिजन सुरू करून लगेच रुग्णालय गाठावे. तेथील डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगावे की, हा रुग्ण आज स्कूबा करून आला आहे. संध्याकाळी हॉटेलवर चक्कर आली, तर सकाळच्या समुद्राचा उल्लेख करायचे नातेवाइकांना सुचत नाही आणि उपचार पित्ताचे होत राहतात.