‘अस्सल’ वाडग्याचें सोवळें

कोंबडीचा कुरकुरीत जपानी काप तळून भातावर मांडणाऱ्या गृहिणीला ‘हें अस्सल नव्हे’ असें ऐकविण्याची टूम हल्लीं निघाली आहे. अमुक पुडींतील पांको नाहीं, मिरिनची अमुक बाटली नाहीं, म्हणून पदार्थ बाटला! परंतु ज्याच्यासाठीं हें सोवळें, त्याचें कूळ या शास्त्र्यांनीं कधीं पाहिलें आहे काय? इ. स. ६७५ त तेम्मू बादशहानें जी मांसबंदी केली, तींत कोंबडीही होती; मेजी बादशहानें मांस खाल्ल्याचें जाहीर झालें तें १८७२ सालीं. ‘कात्सु’ हा कटलेटचा अपभ्रंश. ‘पांको’तील ‘पान’ म्हणजे पाव. तो शब्द पोर्तुगीज, आणि आपला पावही त्याच मुळाचा! फुकुईकडे तर कात्सु वूस्टर पद्धतीच्या सॉसमध्यें बुडवून भातावर मांडतात.

खरें मर्म कुरकुरीतपणांत आहे, आणि तो पुडींत मिळत नाहीं. काप पुसून कोरडा करावा. त्यास मैदा, मग फेटलेलें अंडें, मग कडा काढलेल्या शिळ्या पावाचा जाडसर चुरा लावावा. तेल सुमारें १७० अंश तापलेलें असावें. तळलेला काप कागदावर पसरण्याची आपली संवय येथें नडते. खालीं वाफ कोंडून तो मऊ पडतो. जाळीवर ठेवावा. रूढ कात्सुदोनमध्यें काप रस्स्यांत अंड्यासह शिजवितात व कुरकुरीतपणा बराचसा गमावतात. तो ज्यांना हवा, त्यांनीं कांदा व अंडें सोया सॉस, साखर आणि पाणी यांत निराळें शिजवून भातावर ओतावें, काप सर्वांत शेवटीं. भात मात्र किंचित् चिकट हवा. बासमती येथें निरुपयोगी. आंबेमोहोर खुशाल घ्यावा.