किनारा प्रजेचाच राहू द्या
मॉरिशसच्या गृहनिर्माण व भूमी मंत्र्यांस अनावृत पत्र

माननीय मंत्रिमहोदय,



ज्या बेटाचे क्षेत्रफळ अवघे 1,865 चौरस किलोमीटर आहे आणि जेथे कोणत्याही गावाहून समुद्र फारसा दूर नाही, तेथील सामान्य माणसाला समुद्रकाठी निवांत बसण्याचा हक्क सरकारदरबारी मागावा लागावा, ही खेदाची गोष्ट होय. तो मागण्याची वेळ आली आहे, म्हणून हे पत्र. 1834 नंतर मुंबई बंदरातून करारबंद मजूर म्हणून जे मराठी लोक या बेटावर आले आणि उसाच्या मळ्यांत राबले, त्यांचा मी वंशज आहे. त्यांची भाषा आजही येथील शाळांतून शिकविली जाते, आणि म्हणून त्याच भाषेत मी आपणांस लिहीत आहे.

किनाऱ्यालगतच्या जमिनीचा इतिहास आपल्या दप्तरात आहेच. फ्रेंच अमदानीत, 1807 साली, जनरल दकाँ यांनी हुकूम काढून समुद्रालगतची पन्नास पावलांची पट्टी सरकारकडे राखून ठेवली, आणि पुढे इंग्रज राजवटीने 1895 च्या कायद्याने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. ‘पा जेओमेत्रीक’ या नावाने ओळखली जाणारी ही पट्टी भरतीच्या रेषेपासून आत 81.21 मीटर रुंदीची असून, ती कोणास विकता येत नाही, की कितीही वर्षांच्या वहिवाटीने तिच्यावर कोणाची मालकी सिद्ध होत नाही. संरक्षणाच्या हेतूने राखलेली ती भूमी पुढे प्रजेच्या विसाव्याचे स्थान झाली. ज्या समाजाच्या पूर्वजांना मळेवाल्यांच्या जमिनीवर परवान्यावाचून गावाबाहेर पाऊल टाकण्याचीही मुभा नव्हती, त्या समाजाला या पट्टीचे मोल किती वाटत असेल, हे मी वेगळे सांगावयास नको.

रविवारी फ्लिक-आं-फ्लाक किंवा मों-श्वाझीच्या चौपाटीवर, सुरूच्या सावलीत, या राष्ट्राचे जे दर्शन घडते, ते कोणत्याही शासकीय समारंभात घडत नाही. बिर्याणीचे भांडे उतरवून घेणारे मुसलमान कुटुंब, रावानच्या तालावर सेगा नाचणारी क्रिओल तरुण मंडळी, डाळपुरीचे पुडके सोडणाऱ्या भोजपुरी आज्या, पाण्यात डुंबणारी चिनी दुकानदाराची मुले, हे सारे एकाच वाळूवर शेजारी शेजारी बसतात, आणि एकमेकांच्या ताटातले खातात. आम्हां मराठ्यांचे गणपतीही त्याच समुद्रात विसर्जित होतात, आणि झाकरीचा फेर त्याच वाळूवर धरला जातो. ज्याच्या नावावर तसूभर जमीन नाही, तोही त्या दिवशी कोणाचा ऋणाईत नसतो.

या हक्काला बाध येतो तो पट्ट्यांच्या वाटेने. जमीन विकता येत नाही, पण दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देता येते; आणि साठ वर्षांचा पट्टा म्हणजे मनुष्याच्या आयुष्याच्या मानाने विक्रीच होय. भिंत उठते, फाटक बसते, समुद्राकडे जाणारी पूर्वापार पाऊलवाट बंद होते, आणि कायद्याने भरतीच्या रेषेखालची वाळू सर्वांचीच असली, तरी तेथवर पोहोचायचे कसे, हा प्रश्न उरतोच. माझ्या वृद्ध आईला एका हॉटेलाच्या रखवालदाराने ओल्या वाळूवरून परत फिरविले, तेव्हा तिने वाद घातला नाही; आपलीच काही चूक झाली असावी, अशा समजुतीने ती निमूटपणे वळली. तिची ती समजूत मला त्या अडवणुकीहूनही अधिक दुःखद वाटली, कारण ज्या प्रजेला आपला हक्क ठाऊक नसतो, तिच्यापासून तो हिरावून घेण्यास कायदा बदलावा लागत नाही.

त्यात समुद्रही पुढे सरकत आहे. खाजणातून वाळू काढण्यास 2001 साली बंदी झाली, हे स्तुत्य. तथापि अनेक ठिकाणी किनारा झिजतोच आहे. भिंत जागची हलत नाही आणि पाणी मात्र जवळ येते, म्हणजे घट सोसावी लागते ती दोहोंच्या मधल्या, अर्थात प्रजेच्याच, वाळूला.

दक्षिणेस पॉम्पोनेत येथे चौपाटीचा सार्वजनिक दर्जा काढून ती हॉटेलासाठी देण्याचे ठरले, तेव्हा नागरिक तेथे ठाण मांडून बसले. त्यांना विकासाचे शत्रू ठरविणे सोपे होते. परंतु 25 जुलै 2020 रोजी ‘वाकाशिओ’ जहाज प्रवाळाच्या कड्यावर रुतले आणि ऑगस्टमध्ये त्याच्या टाकीतले तेल मायबूरच्या खाडीत पसरू लागले, तेव्हा उसाचे पाचट कापडात भरून, रात्रंदिवस शिवून, तरंगते बांध कोणी घातले? याच सामान्य लोकांनी. संकटकाळी जो किनाऱ्याचा रखवालदार असतो, त्याला सुकाळात उपरा ठरविणे कोणत्याही न्यायात बसत नाही.

पर्यटनावर या देशातील असंख्य घरांच्या चुली पेटतात, हे मी जाणतो. माझ्या नात्यातील तरुणही हॉटेलांत नोकरीस आहेत. हॉटेले बंद व्हावीत, असे माझे म्हणणे नाही. सरकार या पट्टीचे विश्वस्त आहे, धनी नव्हे, आणि विश्वस्ताने ठेव कोणास दिली, किती मुदतीने दिली व किती भाड्याने दिली, याचा हिशेब ठेवीच्या खऱ्या मालकास द्यावयाचा असतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

म्हणून माझी विनंती अशी. किनाऱ्यावरील प्रत्येक पट्ट्याची नोंद, पट्टेदाराचे नाव, मुदत आणि भाडे यांसह, सर्वांना पाहता येईल अशी प्रसिद्ध करावी. समुद्राकडे जाणाऱ्या पाऊलवाटांची मोजणी करून त्यांवर दगड रोवावेत आणि त्या अडविणाऱ्यास दंड करावा. मुदत संपलेला पट्टा नूतन करण्यापूर्वी त्या गावच्या लोकांचे म्हणणे जाहीर सुनावणीत ऐकून घ्यावे. आणि एकदा घोषित झालेली सार्वजनिक चौपाटी केवळ राजपत्रातील अधिसूचनेने रद्द होऊ नये. त्यासाठी संसदेचे मत घेणे बंधनकारक करावे. यांतील एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही. 12 मार्च 1968 रोजी हा देश स्वतंत्र झाला, त्या दिवशी जी भूमी प्रजेची होती, ती प्रजेचीच ठेवावी, एवढीच आपल्या पदाकडून अपेक्षा आहे.

आपला नम्र,
रिव्हिएर-न्वार जिल्ह्यातील एक मराठी नागरिक