घर-संसार : बाळाचा लंगोट कुणी धुवायचा?



गेल्या पौर्णिमेला काळेवाडीत वंदना आटोपली, खीरदान झाले आणि नेहमीप्रमाणे आम्ही बायका विहाराच्या मागच्या नळावर पातेली घासायला बसलो. बोलता बोलता विषय निघाला डायपरचा. तापकीरनगरात भाड्याच्या खोलीत राहणारी एक सून सांगत होती, "मालक चाकणला कंपनीत आहेत, कंत्राटी. पगार झाला की आधी खोलीचे भाडे, मग किराणा आणि मग डायपरचा पुडा. महिन्याच्या शेवटी पुडा संपतो आणि दुकानदाराकडे उधारी होते." यावर एक आजी म्हणाल्या, "आमच्या वेळी जुन्या लुगड्याचे लंगोट असायचे. पाच लेकरे वाढवली, एक पैसा लागला नाही." सून हसून म्हणाली, "आजी, तुमच्या वेळी नदी होती. इथे एक दिवसाआड पाणी येते. लंगोट कशात धुवू?"

दोघींचेही खरे होते. पण कोपऱ्यात ताटे पुसणारी एक ताई इतका वेळ गप्प होती. ती घंटागाडीवर कामाला आहे. ती हळूच म्हणाली, "तुम्ही ते गुंडाळून टाकता ना, ते शेवटी माझ्या हातात येते. कचरा वेगळा करताना पिशवी फुटते आणि सगळे हातावर येते. त्यानंतर दुपारी डबा खाववत नाही."

पातेल्यांचा आवाज थांबला. त्या एका वाक्यावर आज आम्हाला लिहायचे आहे.

ती पुडी कुठे जाते?

विकतच्या डायपरमध्ये बाहेरून प्लास्टिक असते आणि आत लाकडाचा लगदा व पाणी शोषून फुगणारे रासायनिक दाणे असतात. त्यामुळे तो ओला लागत नाही, पण त्यामुळेच तो कुजतही नाही. पिंपरी-चिंचवडचा कचरा मोशीच्या डेपोवर जातो. आपले मूल मोठे होऊन कामाला लागेल, तरी त्याच्या डायपरचे प्लास्टिक तिथेच पडून असेल. ज्या घरात तो संडासात टाकतात, तिथे तर चार दिवसांत सगळ्या मजल्याचा संडास तुंबतो.

घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत डायपर आणि पॅड वेगळे गुंडाळून द्यावेत, त्यासाठी लागणारी पाकिटे उत्पादकांनी द्यावीत, असे लिहिले गेले. किती पुड्यांबरोबर अशी पाकिटे घरी आली, ते ज्याचे त्याने आठवावे. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना उभी राहिली. तिच्यातील भगिनींनी २०१३ साली वापरलेले पॅड उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवण्याची मोहीम काढली. लाल ठिपका काढून पुडी वेगळी द्या, एवढीच त्यांची नागरिकांना विनंती असते. या कामात कोणत्या समाजाच्या बाया आहेत, हे आम्ही सांगायची गरज नाही. त्या आपल्याच आया, मावश्या आणि जावा आहेत.

माणसाचा मैला माणसाने हाताने उचलू नये, म्हणून देशात १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली कायदा झाला. मग प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला मैला दुसऱ्याच्या हाती देणे, हे त्या कायद्यात बसत नसले तरी आपल्या मनाला पटावे काय?

महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी आपल्या माणसांना सांगितले की, मेलेली गुरे ओढू नका, मृतमांस खाऊ नका, स्वच्छ राहा. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी महाडलाच स्त्रियांना नीटनेटके राहण्याचा आणि मुलामुलींना शिकवण्याचा उपदेश केला. गावाची घाण आपल्या जातीने काढायची, ही रीत त्या पिढीने मोडली. शहरात येऊन आपण ती दुसऱ्या वाटेने चालू ठेवायची नाही.

आणखी एक गोष्ट. बाळाच्या लंगोटाला 'विटाळ' समजणारी माणसे अजून आपल्यातही आहेत. बाळाची घाण ही घाण आहे, ती पाण्याने आणि साबणाने जाते. विटाळ ही गोष्ट आपण १९५६ साली दीक्षाभूमीवर सोडून आलो.

पैशाचा हिशेब

भाव दुकानागणिक बदलतात, म्हणून सोपा आकडा धरू. एक डायपर १० रुपयांना आणि दिवसाला ६. दिवसाचे ६० आणि महिन्याचे १,८०० रुपये होतात. दोन वर्षांचे ४३,२०० होतील. मूल मोठे झाल्यावर कमी लागतात, म्हणून निम्मेच धरा, तरी २१,६०० रुपये होतात.

आता कापडी लंगोट. मऊ सुती कापडाचे तीन डझन विकत शिवून घेतले आणि एकाला ४० रुपये धरले, तर १,४४० रुपये. रात्रीसाठी आणि प्रवासासाठी टिचबटणांचे सहा कापडी डायपर प्रत्येकी ३५० प्रमाणे २,१०० रुपये. साबणाचे महिना १०० धरून दोन वर्षांचे २,४००. एकूण ५,९४० रुपये. घरात जुने धोतर किंवा सुती साडी असेल तर आणखी कमी. दुसऱ्या मुलाला तेच लंगोट चालतात. वाचलेल्या पैशात मुलाची बालवाडी आणि आईचे दूध-अंडी निघतात.

किती आणि कसे?

तान्हे बाळ दिवसाला दहा-पंधरा वेळा ओले करते. पाणी एक दिवसाआड धरले तर दोन दिवसांचे ३० आणि वाळत असलेले ६, असे तीन डझन हाताशी हवेत. सहा महिन्यांनंतर दिवसाला सात-आठ पुरतात.

कापड सुतीच घ्यावे. धोतर, मलमल किंवा वापरून मऊ झालेली सुती साडी उत्तम. टेरिकॉट किंवा चमकदार साडी पाणी शोषत नाही. पाऊण मीटरचा चौकोन कापून त्रिकोणी घडी घालावी, कडा शिवून घ्याव्यात. पिन लावू नये, कापडाचेच बंद लावावेत. नाळ पडेपर्यंत लंगोट बेंबीच्या खाली बांधावा. बंद करकचून बांधू नयेत आणि पाय सरळ जोडून आवळू नयेत. बाळाचे पाय बेडकासारखे मोकळे राहिले की खुब्याचा सांधा नीट वाढतो.

टिचबटणांच्या डायपरमध्ये बाहेरचा थर पाणी अडवणारा असतो आणि आत जाड कापडी घडी घालायची असते. नवी घडी तीन-चार वेळा धुतल्याशिवाय नीट शोषत नाही. पहिल्याच दिवशी गळाला म्हणून डायपरला नावे ठेवू नयेत.

धुण्याची रीत

१. शी आधी संडासात झटकावी आणि एका तांब्या पाण्याने लंगोट खळखळावा. हे पाणीही संडासातच टाकावे. उघड्या गटारात टाकले तर ते पवनेला जाऊन मिळते.

२. आधी गार पाणी, मग साबण. आधीच कढत पाणी घातले तर डाग पक्का बसतो.

३. खळखळलेले लंगोट झाकणाच्या बादलीत पाण्याशिवाय ठेवावेत आणि शक्यतो दुसऱ्या दिवसाच्या पुढे जाऊ देऊ नयेत. दोन-दोन दिवस भिजत ठेवले तर वास धरतात आणि कापड कुजते. रांगत्या मुलाच्या घरात भरलेली उघडी बादली कधीही ठेवू नये. थोड्याशा पाण्यातही मूल बुडू शकते.

४. साध्या धुण्याच्या पावडरने धुवून साबण पूर्ण निघेपर्यंत खळखळावे. साबण राहिला तर बाळाचे अंग लाल होते. सुगंधी, कापड मऊ करणारे पाणी घालू नये. त्याचा थर बसतो आणि कापड पाणी शोषेनासे होते. जंतुनाशक औषधाचीही रोज गरज नाही.

५. आठवड्यातून एकदा सुती लंगोट उकळत्या पाण्यातून काढावेत. टिचबटणांच्या डायपरचा बाहेरचा थर मात्र उकळू नये, त्याला इस्त्री किंवा ब्लीचिंग लावू नये. त्याचे पाणी अडवणारे अस्तर सुटते.

६. ऊन हे फुकटचे औषध आहे. उन्हाने डाग फिके होतात आणि जंतूही मरतात.

संध्याकाळी बाळाचे कपडे बाहेर राहिले तर 'बाहेरची बाधा' होते, असे म्हातारी माणसे सांगतात. बाधा वगैरे काही नसते. दव पडून कापड दमट होते आणि त्यावर किडे बसतात, एवढेच त्यातले खरे. म्हणून दिवस मावळायच्या आत काढावेत आणि झटकून घडी घालावी.

पाणी आणि पाऊस

पवना धरणाचे पाणी रावेतच्या बंधाऱ्यातून उचलून शहराला मिळते. नोव्हेंबर २०१९ पासून शहरात एक दिवसाआड पुरवठा सुरू झाला, तेव्हापासून ड्रम भरून ठेवण्याची सवय आपल्याला लागली. म्हणून पाण्याच्या दिवशीच मोठे धुणे काढावे. शेवटच्या खळखळीचे पाणी स्वच्छ असते, ते टाकू नये. पुढच्या खेपेच्या पहिल्या धुण्याला ते चालते. या रीतीने दोन बादल्यांचे काम एका बादलीत भागते.

पावसाळ्यात खोलीत दोरी बांधून पंख्याखाली लंगोट वाळवावेत. थोडे दमट राहिलेले सुती लंगोट इस्त्रीने कोरडे करावेत. दमट लंगोट बाळाला बांधू नये. कोळशाची शेगडी पेटवून बंद खोलीत कपडे वाळवणे जिवावर बेतते. त्या धुराचा वायू दिसत नाही, वासही येत नाही, आणि झोपलेली माणसे उठत नाहीत. गच्चीला कुलूप असेल तर मजल्यावरच्या सगळ्या बायकांनी मिळून घरमालकाकडे दोन तासांसाठी किल्ली मागावी. एकटीला 'नाही' म्हणणारा माणूस दहाजणींना 'नाही' म्हणताना विचार करतो.

अंग लाल झाले तर

ओला लंगोट ताबडतोब बदलावा. साध्या पाण्याने धुवून, टिपून, काही वेळ बाळाला उघडे ठेवावे आणि खोबरेल तेलाचा हलका हात फिरवावा. पावडर लावू नये, ती श्वासात जाते. दोन-तीन दिवसांत बरे वाटले नाही, जांघेत लाल पुळ्या दिसल्या, पू आला किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवावे. शेजारणीने दिलेले किंवा दुकानातून मागून आणलेले मलम लावू नये. काही मलमांत स्टेरॉइड असते आणि बाळाची कातडी त्याने पातळ होते.

बाप कुठे आहे?

इथपर्यंत वाचून एखादी भगिनी म्हणेल, "सगळे खरे, पण हे करायचे कुणी? मीच ना?" कापडी लंगोट म्हणजे घरातल्या बाईच्या डोक्यावर आणखी एक ओझे, असे होणार असेल, तर आम्ही तो सल्ला मागे घेऊ.

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू हगवणीने आजारी होता आणि आपल्याच घाणीत पडला होता. कुणीही त्याच्याजवळ जात नव्हते. तथागत आनंदाला घेऊन तिथे आले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी मिळून त्याला उचलून मंचकावर निजवले. नंतर त्यांनी भिक्खूंना सांगितले की, ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी. जगाच्या शास्त्याचे हात त्या कामाने बाटले नाहीत, मग कंपनीतून आलेल्या आपल्या भावाचे हात बाळाच्या लंगोटाने कसे बाटतील?

मुंबई कायदेमंडळात १९२८ साली बाळंतिणीच्या रजेचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याची बाजू घेतली. कामकरी आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांनी मांडले. घरातल्या बाळंतिणीला विसावा देण्याची सुरुवात घरातूनच व्हावी. बंधूंनो, पहिली पाळी असेल तर संध्याकाळचे लंगोट तुमचे. रात्रपाळी असेल तर सकाळी झोपण्यापूर्वी दोरीवर वाळत घालण्याचे काम तुमचे. पिळण्याला जोर लागतो, तो तुमच्याकडे आहेच.

आणि जिथे आई स्वतः कामावर जाते, घरात दुसरे कुणी नाही, पाणी दोन-दोन दिवस येत नाही, तिथे आम्ही कुणाला दोष देणार नाही. दिवसा लंगोट आणि रात्री डायपर, असे निम्मे करा. एस.टी.ने गावी जाताना किंवा आजारपणात डायपर वापरा. एवढे मात्र पाळा: शी संडासात टाकूनच तो कागदात घट्ट गुंडाळा, वर लाल खूण करा आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता घंटागाडीवरच्या ताईच्या हाती वेगळा द्या.

त्या पौर्णिमेला पातेली घासून झाल्यावर सुनेने त्या ताईला विचारले, "तुझ्या गाडीची वेळ काय?" आणि आजींनी घरी जाऊन ट्रंकेतले धोतर बाहेर काढले. पुढच्या वेळी कुणाच्या घरी नामकरणाला जाल, तेव्हा झगमगीत फ्रॉक नेण्याऐवजी डझनभर मऊ लंगोट शिवून न्यावेत, असे आमच्या बायकांचे ठरले आहे. तुमच्या वस्तीतही ठरवून पाहा आणि कसे जमले ते आम्हाला कळवा.

जयभीम!